मागचा दांडा

या, असे पुढे सरकून बसा. दारापाशी बसणाऱ्याचं अर्धं चित्त चपलांत असतं, आणि आजची कथा अर्ध्या चित्ताने ऐकायची नाही. थोरल्या भावामागे कारखान्याच्या खुर्चीवर त्याची मुलगी बसली, आणि तिच्या काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून ‘कारखाना तुझा पोरी, ओतकाम माझं’ एवढंच म्हटलं, तिथवर आपण आलो होतो. आज दोन शब्दांची गोष्ट सांगतो. एक शब्द त्या कारखान्यात तीन पिढ्या ऐकू येत होता. दुसरा कुणी कधी ऐकलाच नव्हता.

पहिला शब्द ‘सोडा’.

कारखाना ओतकामाचा. लोखंड वितळवायचं, वाळूच्या साच्यात ओतायचं आणि पंपाची अंगं घडवायची. भट्टीतलं लोखंड आधी एका भांड्यात घेतात, त्याला तिथे लॅडल म्हणतात. तिला आतून मातीचं अस्तर असतं. पुढे एक दांडा, मागे एक दांडा, आणि दोघांनी मिळून उचलायची. अस्तर ओलं राहिलं आणि त्यावर वितळलेलं लोखंड पडलं, तर लोखंड कारंज्यासारखं उडतं, मग खाली कुणाचे पाय आहेत ते बघत नाही. म्हणून अस्तर ज्योतीवर खडखडीत सुकवायचं आणि घरातल्या जाणत्याने आत डोकावून पाहायचं. सगळं फिकट दिसलं तर कोरडं, काळपट डाग दिसला तर ओल. खात्री पटली की त्याने म्हणायचं, ‘सोडा’. मग भट्टीचं तोंड उघडायचं.

आजोबांच्या काळी एकदा ऐन वेळी चौघे चार बाजूंनी ओरडले, कुणाचं कुणाला कळेना, आणि एका माणसाचा पाय भाजला. त्या दिवशी आजोबांनी दंडक घातला, की लॅडल भट्टीखाली गेली की एकच तोंड बोलेल, बाकीची मिटलेली राहतील. दंडक शहाणपणाचा होता. पण शहाणपणही डब्यात भरून ठेवलं तर अधूनमधून झाकण काढून हुंगावं लागतं.

त्या सकाळी धाकटीला भट्टीवाल्याचा फोन आला. धाकटी म्हणजे आपली खुर्चीवरची. घरातलं शेंडेफळ, म्हणून हेच नाव पडलं, आणि मालकीण झाली तरी घरात कुणी बदललं नाही. कारखान्यात मात्र सगळे ताई म्हणत.

“ताई, अंगात ताप आहे. आज येत नाही.”

“झोपून राहा मामा. दुसऱ्या पाळीचा माणूस भट्टी बघेल.”

“भट्टी बघेल हो तो.” मामा खोकले. “ताई, मोठं ओतकाम उद्यावर टाकता येईल का?”

“का? गिऱ्हाईक स्वतः बघायला येतंय आज. दादाने बोलावलंय त्यांना.”

“असं होय. मग राहू द्या.”

“मामा, फोन ठेवू नका. उद्यावर का?”

मामांनी आवाज खाली आणला. मग मामा म्हणाले, “ओतायच्या आधी मी चिमटा खांबावर आपटतो. ऐकलंय ना तुम्ही?”

ऐकला नसेल कसा? ठण्ण करून एक आवाज यायचा आणि पाठोपाठ काकांचा ‘सोडा’. तिचे वडील थट्टेने म्हणायचे, आमचा भट्टीवाला आधी देवाला घंटा वाजवतो.

“तो देवाला नसतो ताई. काकांना असतो. लॅडलमध्ये मी बघतो. कोरडी असली की ठोका देतो, मग काका म्हणतात.”

“आणि काका डोकावतात ते?”

“डोकावतात की. दिसत नाही त्यांना. बरेच दिवस झाले.”

“काकांना ठाऊक आहे, की तुम्ही त्यांच्यासाठी ठोका देता?”

“ते आमचं कधी बोलणं झालं नाही,” मामा म्हणाले. “ओतताना बोलायचं नसतं ना.”

धाकटी फोन ठेवून तडक स्वयंपाकघरात गेली. काकू कपबशी पुसत होती. आई लवकर गेलेल्या या पोरीला तिनेच न्हाऊमाखू घातलं होतं, त्यामुळे चेहरा बघूनच तिने कपडा खाली ठेवला.

“काकू, काकांचे डोळे—”

“हळू बोल! तुला कुणी सांगितलं?”

“म्हणजे तुला ठाऊक आहे.”

“सदऱ्याची बटणं खालीवर लागायला लागली तेव्हापासून. चहा मी आता टेबलावर ठेवत नाही, हातातच देते.” काकूने तिचं मनगट धरलं. “पण त्यांना बोलू नकोस गं. ओतकाम गेलं तर त्यांच्यापाशी उरतं काय? आणि दादाच्या कानावर तर मुळीच घालू नकोस. बापाचं असं ऐकून हबकेल तो.”

दादा म्हणजे काकूचा मुलगा, कारखान्याची गिऱ्हाइकं सांभाळणारा. बोलण्यात साखर, आणि वागण्यात ती किती विरघळायची याचा नेमका अंदाज. तो अंगणात गाडीची काच पुसत होता. धाकटीने विचारताच त्याने फाटकाकडे पाहिलं.

“आईला काही बोलली नाहीस ना? हबकेल ती.”

धाकटीला हसू आलं नाही, पण आपल्याला यायला हरकत नाही. सगळ्या घराला ठाऊक, आणि प्रत्येकाला वाटे की आपल्यालाच ठाऊक. एका पांघरुणाखाली सगळे डोळे मिटून पडलेले, आणि जो तो समजतोय की जागा मी एकटाच.

“दादा, आजचं ओतकाम थांबव.”

“गिऱ्हाईक निघालंय घरून! अगं, वर्षभराचं काम मिळेल यातून. आजचा दिवस निभावू दे. भट्टीवर दुसरा माणूस आहेच, तो बघेल लॅडलमध्ये.”

“त्याला सांगितलंस बघायला?”

“कसं सांगू? सांगितलं म्हणजे बाबांचं बिंग फुटलं.”

“मग तो कशाला बघेल?”

दादाने काच पुन्हा पुसायला घेतली. आधीच लख्ख होती ती.

उरले काका. कारखान्याच्या आतल्या खोलीत ते बूट चढवत बसले होते. नाडीची गाठ बोटांनीच चाचपून मारत होते.

“ये. पावलांवरून ओळखलं तुला. आज तू तुझ्या बाबाच्या जागी उभी राहा, माझ्या उजव्या हाताला. गिऱ्हाइकाला दिसू दे, घर भरलेलं आहे.”

“काका, आज भट्टीवाले मामा नाहीत. ताप आलाय.”

काकांची बोटं नाडीवर थांबली.

“असं?”

“हो. म्हणून मी म्हणत होते, आज...”

“आज काय?”

याच काकांच्या खांद्यावर बसून तिने पहिल्यांदा भट्टी पाहिली होती. वाघापुढे उभं राहायला धैर्य लागतं म्हणतात. लागत असेल. पण वाघाने लहानपणी आपल्याला खांद्यावर घेतलेलं नसतं, हा केवढा फायदा!

“काही नाही. गिऱ्हाईक येईल इतक्यात.”

“मग चल.” काका उठले. तिच्या खांद्यावर हात ठेवून चालू लागले. मायेने ठेवलाय असं तिला आजवर वाटायचं. त्या दिवशी पहिल्यांदा तिला त्या हाताचा भार कळला.

ओतायच्या जागी सगळे उभे होते. साचा तयार होता. गिऱ्हाईक पांढरी टोपी घालून दादाजवळ, काकू रिवाजाप्रमाणे दाराशी. ज्योत विझवली आणि दोघांनी लॅडल उचलून भट्टीच्या तोंडाखाली धरली. पुढच्या दांड्यावर एक उंच, हसरा गडी. मागच्या दांड्यावर एक मध्यमवयीन माणूस, कामाला कधी खाडा नाही आणि तोंडाने कधी शब्द नाही. लॅडल कललेली असते भट्टीकडे. म्हणजे पुढच्याला थोडंफार आत दिसतं, मागच्याला फक्त भांड्याची बाहेरची बाजू. धाकटी इतकी वर्षं तिथे उभी राहिली, पण हे तिच्या ध्यानात आलं ते आत्ता. आणि लॅडलखाली चार पाय होते तेही.

काका पुढे झाले. वाकले. आत पाहिलं, म्हणजे आत तोंड करून उभे राहिले.

कुणी हूं की चूं करेना. भट्टीची घरघर फक्त. काका तसेच वाकलेले. एरवी इतका वेळ लागत नसे. ते ठोक्याची वाट बघताहेत हे धाकटीला कळलं, आणि ठोका येणार नाही हेही. तिने मान लांब करून आत पाहिलं. फिकट अस्तरावर, तळाच्या जरा वर, तळहाताएवढा काळा डाग.

तिने दादाकडे पाहिलं, तो बुटांकडे बघत होता. काकूने पदर तोंडाला लावला होता. भट्टीवरचा दुसऱ्या पाळीचा माणूस काकांच्या ओठांकडे बघत होता, पुढचा गडीही तिकडेच. मागचा दांडेवाला समोर कुठेच बघत नव्हता. बघण्यासारखं त्याला काही नव्हतंच.

मुखी मौन, मनी भय । त्याला मौन म्हणू नये ॥

काकांनी श्वास घेतला. “सो—”

“थांबा!”

हा तो दुसरा शब्द. त्या जागी तो कधी उच्चारलाच गेला नव्हता, त्यामुळे काय करायचं ते कुणाला ठाऊक नव्हतं. पुढचा गडी दचकला, त्याच्या हातून दांडा निसटला आणि लॅडल एका कडेवर धाडकन आपटली. रिकामी होती, कुणाला लागलं नाही. अस्तराला मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा गेला.

पुढच्या गड्याने खाली बसून हातमोज्यासकट आत हात घातला. डागावरून बोट फिरवलं, बोट काळं झालं. माती चोळून बघितली, भुगा पडला.

“काजळी आहे ताई,” तो अवघडून म्हणाला. “ज्योतीची. लॅडल कोरडीच होती.”

गिऱ्हाइकाने टोपी काढली. “तुमच्याकडे नेहमी असंच चालतं?” दादा त्यांना चहाला घेऊन गेला. त्यांनी चहा घेतला नाही.

मग आतल्या खोलीत घरचे जमले, दार लोटून.

“काजळी!” दादाच्या बोलण्यातली साखर संपली होती. “काजळीला घाबरून गिऱ्हाईक घालवलंस. लॅडल फोडलीस. खुर्चीवर बसून चार दिवस झाले नाहीत, तर आजोबांचा दंडक मोडलास!”

“चारचौघांत तोंडावर पाडलंस गं त्यांना,” काकू म्हणाली. “सकाळी मी तुला हात धरून सांगितलं होतं, डोळ्यांचं बोलू नकोस म्हणून.”

दादा वळला. “आई, तुला ठाऊक होतं?”

“म्हणजे तुला होतं?”

खुर्चीत बसलेले काका पहिल्यांदाच बोलले.

“लॅडल कोरडी होती. मी बरोबर होतो.”

“हो काका,” धाकटी म्हणाली. “लॅडल कोरडी होती. मी चुकले.”

काकूचा जीव भांड्यात पडला. “झालं तर! चुकले म्हणाली ना पोर? आता तुम्हीही सोडून द्या. मी चहा टाकते.”

बघा हं, इथे सुटका होती. माफी मागून झाली होती, माफी मिळण्याच्या बेतात होती. मागचं आवरून सगळे पुन्हा त्याच पांघरुणाखाली शिरले असते. धाकटीला त्या क्षणी चहाच हवा होता, असं तिने पुढे कितीदा तरी सांगितलं.

“काकू, थांब जरा. काका, मला डाग दिसला आणि तो ओळखण्यात मी चुकले. तुम्हाला डाग दिसला होता का?”

“पुरे!” दादा म्हणाला. “बरोबर निघाले ना ते?”

“बरोबर निघाले. त्यांनी बघितलं नव्हतं तरी बरोबर निघाले. उद्याही निघतील का?” ती काकांच्या खुर्चीपाशी बसली. “काका, तुम्ही कामाला लागलात तेव्हा आजोबांनी तुम्हाला कुठे उभं केलं होतं?”

“मागच्या दांड्यावर. सगळ्यांनाच तिथे उभं करायचे.”

“तिथून आत काय दिसायचं?”

“कप्पाळ दिसायचं! मागून काय दिसतं? बाबा बघायचे.”

“आणि आजोबांना दिसत नसतं तर?”

“तर मी दांडा टाकून पळालो असतो,” काका म्हणाले. आणि म्हटल्यावर ऐकलं त्यांनी ते. खुर्चीच्या हातावरची त्यांची बोटं हळूहळू मिटली.

काकू पुढे व्हायला निघाली, धाकटीने तिला हाताने अडवलं.

“नव्हता दिसला,” काका म्हणाले. “डाग नाही, अस्तर नाही, काहीच नाही. ठोक्याची वाट बघत होतो. मनात म्हणत होतो, अरे कुणीतरी बोला. कुणी बोलेना. गिऱ्हाईक उभं. मग म्हटलं, होईल ते होईल.” त्यांनी धाकटीच्या दिशेने तोंड वळवलं. “तू ओरडलीस तेव्हा राग आला मला. पण तो नंतर. आधी बरं वाटलं.”

“बाबा, अहो मग सांगायचं होतं ना!” दादाला रडू आवरेना.

“तू सांगायचं होतंस!”

“डॉक्टरचं नाव काढलं तर महिनाभर बोलला नाहीत तुम्ही माझ्याशी!”

“मग दुसऱ्या महिन्यात काढायचं पुन्हा! गिऱ्हाइकाच्या मागे वर्ष-वर्ष लागतोस, बापाच्या मागे महिनाभर लागवत नाही?”

काकू हसायला लागली आणि हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला. दादाने आईच्या पाठीवर हात ठेवला. सकाळपासून एकमेकांपासून लपवलेलं आता लपवायचं राहिलं नव्हतं.

“बाहेर सगळ्यांना सांगावं लागेल,” धाकटी म्हणाली. “मी सांगते.”

“तू तुझं सांग,” काका उठत म्हणाले. “माझं मी सांगेन. हात दे.”

कामगार फुटक्या लॅडलभोवती उभे होते. काका म्हणाले, “मला दिसत नाही. बरेच दिवस झाले. तरी मी सोडा म्हणत होतो.” एवढंच. कुणी आश्चर्य दाखवलं नाही. तेव्हा त्यांना कळलं की इथेही सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्या दिवशी त्यांना खरं लागलं ते हे.

मग धाकटी म्हणाली, “माझी चूक झाली. काजळीला ओल समजले. पण पुन्हा डाग दिसला तर मी पुन्हा ओरडणार. तुम्हीही ओरडायचं. थांबा ऐकलं की लॅडल टाकायची नाही, आहे तिथे धरून उभं राहायचं. हे मी आधी शिकवायला हवं होतं, म्हणजे आज फुटली नसती.”

“आणि उगाच ओरडलो तर?” मागून कुणीतरी विचारलं. सगळ्यांनी वळून बघितलं. मागचा दांडेवाला होता. त्याचा आवाज काहींनी पहिल्यांदाच ऐकला.

“तर माझ्यासारखं होईल,” धाकटी म्हणाली. “गिऱ्हाईक जाईल, दादा ओरडेल आणि काकू चहा देईल.”

पहिल्यांदा हसले ते काका.

दुपारभर रिकामी लॅडल घेऊन सराव चालला. प्रत्येकाने एकदा तरी ओरडायचं. आता ‘थांबा’ म्हणणं काय कठीण? पण धट्टेकट्टे गडी लाजत होते. मागच्या दांडेवाल्याच्या तोंडून तर आधी नुसती हवा निघाली. “लग्नाला हो म्हणाला होतास तसं म्हण,” पुढचा गडी म्हणाला. “तेव्हाही मान हलवली होती,” तो म्हणाला. चौथ्या-पाचव्या खेपेला मात्र असा ओरडला की छपरावरची कबुतरं उडाली.

ते गिऱ्हाईक परत आलं नाही. काम दुसऱ्याकडे गेलं, आणि दादा ते कितीतरी दिवस जेवताना काढायचा. काढू दिलं सगळ्यांनी. खोटं नव्हतं ते. काकांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. एका डोळ्याला बरंच दिसू लागलं, दुसऱ्याला फार उशीर झाला होता.

पण ऑपरेशनच्या आधीचं, नवं अस्तर सुकलं त्या दिवशीचं सांगतो. भट्टीवाले मामा ताप उतरून आले होते. चिमटा हातात, पण खांबापासून लांब. लॅडल भट्टीखाली गेली. सगळे काकांकडे बघू लागले, सवयीने. काका जागचे हलले नाहीत.

“धाकटे,” ते म्हणाले, “शब्द इतके दिवस चुकीच्या जागेवरून निघत होता. ज्याला आत दिसतं त्याने काय दिसतं ते सांगावं. सोडा म्हणायचं ते मात्र ज्याला दिसत नाही त्याने.”

“म्हणजे तुम्ही?” दादाने विचारलं.

“माझे पाय कुठे आहेत खाली?” काका म्हणाले. “तो म्हणेल. मागचा.”

धाकटीने मान डोलावली. मामांनी आत पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा तिथे तोंडाने बोलले, “कोरडी.” पुढच्या गड्याने पाहिलं, “कोरडी.” धाकटीने पाहिलं, या वेळी हातमोज्याचं बोट फिरवून. “कोरडी.”

मागच्या दांडेवाल्याचे हात दांड्यावर घट्ट होते. त्याने तिघांच्या चेहऱ्यांकडे एकेक करून पाहिलं.

“नीट बघितलं ना?” तो म्हणाला. “परत एकदा बघा.”

मालकीण, भट्टीवाला आणि गडी, तिघेही निमूटपणे पुन्हा वाकले. त्यांनी पुन्हा सांगितलं. मग तो म्हणाला, “सोडा.”

तर मंडळी, आता उठाल, आपापल्या घरी जाल, उद्या आपापल्या कामाला लागाल. धाकटी तुमच्या लक्षात राहीलच, मी न सांगता. काकांना तर देवानेच लक्षात ठेवलं, एक डोळा परत दिला. माझं मागणं एवढंच, की उद्या कुणापुढे ‘सोडा’ म्हणायची पाळी आली तर तोंड उघडण्याआधी त्या मागच्या दांडेवाल्याची आठवण ठेवा. त्याला आत दिसत नाही, आणि पाय त्याचे खाली आहेत.